कुटुंबाची देणगी आणि मोठी झालेली विशेष मुलं: पैसा कुठे, कसा आणि किती वर्षं द्यावा

१९४४ साली मुंबईत जय वकील आणि डॉ. होर्मसजी वकील या पारशी जोडप्याने आपल्या मुलीसाठी, दीनासाठी, शाळा सुरू केली. दीनाला डाउन सिंड्रोम होता. त्या कौटुंबिक धडपडीतून उभी राहिलेली संस्था आज शिवडीला आहे आणि बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या देशातल्या जुन्या संस्थांमध्ये तिची गणना होते. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. डोंबिवलीजवळ खोणी गावात पालकांनीच एकत्र येऊन 'घरकुल' उभारलं. आपल्याकडे या क्षेत्रातलं बरंचसं काम असं घराघरांतून निघालेलं आहे.

पैसाही अजून घरांतूनच येतो. वडिलांचं वर्षश्राद्ध, आईचा स्मृतिदिन, विकलेला जुना फ्लॅट, निवृत्तीनंतर हातात आलेली रक्कम, अशी निमित्तं असतात. मी प्रौढ विशेष व्यक्तींच्या एका निवासी संस्थेचे हिशेब पाहते, त्यामुळे हे धनादेश माझ्या समोरून जातात. लोक मनापासून देतात. पण बहुतेक देणग्या एका दिवसाच्या गोडाच्या जेवणासाठी, गणवेशांसाठी किंवा नावाची पाटी लागेल अशा खोलीसाठी असतात. त्या खोलीत रात्री थांबणाऱ्या मावशींच्या पगारासाठी देणगीदार शोधताना संस्थाचालकांची दमछाक होते. तुमच्या कुटुंबाला काही लाख रुपये या कामासाठी द्यायचे असतील, तर ते कसे ठरवावेत हे इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी घरचं

तुमच्या स्वतःच्या घरात बौद्धिक दिव्यांग व्यक्ती असेल, तर समाजाला द्यायच्या पैशाचा विचार तिची व्यवस्था पूर्ण झाल्यावरच करा. दोन्ही पैसे एका खात्यात, एका ट्रस्टमध्ये किंवा एका मनात मिसळू नका.

घरची व्यवस्था म्हणजे काय? यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र. निरामय आरोग्य विमा, ज्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. आणि पालकत्व. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना बँकेच्या काउंटरवरच कळतं. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी ती कायदेशीर पालक नेमते. अर्ज आई-वडील धडधाकट असतानाच करावा.

त्यानंतर मृत्युपत्र. 'सगळं ताईच्या नावावर करतो, ती बघेलच भावाचं' ही आपल्याकडची सर्वांत प्रचलित योजना आहे, आणि ती बहुधा तोंडीच असते. ताई बघेलही, पण ताईनंतर कोण? त्यापेक्षा भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली एक खासगी न्यास करावा, लाभार्थी म्हणून त्या व्यक्तीचं नाव घालावं आणि विश्वस्तांमध्ये एक नातेवाईक व एक बाहेरचा माणूस असावा. हे काम वकिलाकडूनच करून घ्या.

यासोबत एक वही ठेवा. एका वडिलांनी मुलीसाठी लिहिलेली अशी वही मी पाहिली आहे. 'जेवायला बसली की आधी पोळी, मग भात. उलटं वाढलं तर ताट सरकवते, त्याला राग समजू नये.' 'पंखा तीनवर. पाचवर केला तर आवाजाला घाबरते, पण सांगत नाही.' 'दात दुखत असेल तर डाव्या कानाला हात लावते.' फिटच्या गोळ्यांची नावं, वेळा, कोणत्या डॉक्टरांनी कधी डोस बदलला, हे सगळं शेवटच्या पानांवर होतं. अशी माहिती मृत्युपत्रात मावत नाही, आणि तिच्यावाचून पैसाही अर्धाच उपयोगी पडतो.

घरात बसून ठरवा: किती आणि किती वर्षं

भावंडांनी एकत्र बसावं. घरात विशेष व्यक्ती असेल तर तिलाही बोलवावं. कोणाला द्यावं यावर तिचं मत असू शकतं, आणि पुष्कळदा ते फार नेमकं असतं.

समजा पंचवीस लाख रुपये द्यायचे आहेत. सात टक्के व्याजाने ठेव ठेवली तर वर्षाला १ लाख ७५ हजार मिळतात, म्हणजे महिन्याला साडेचौदा हजारांच्या आसपास. सगळं व्याज दरवर्षी खर्चून टाकलं तर मुद्दल तेवढंच राहतं, पण महागाई सहा टक्के धरली तरी बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. तेव्हा निधीची किंमत टिकवायची तर व्याजाचा बहुतांश भाग परत मुद्दलात घालावा लागतो. उरलेल्यात एका काळजीवाहक बाईंचा पूर्ण पगार निघत नाही.

दुसरा मार्ग असा की हेच पंचवीस लाख दहा वर्षांत मुद्दलासकट संपवायचे. मग वर्षाला साधारण साडेतीन लाख रुपये उपलब्ध होतात. माझा कल या मार्गाकडे आहे. आजोबांचं नाव कायम राहावं ही इच्छा मला समजते, पण लहान संस्थेला शतकभर पुरणाऱ्या चिमूटभर व्याजापेक्षा दहा वर्षं खात्रीने येणारे दोन पगार जास्त उपयोगी पडतात. या दहा वर्षांत संस्था माणसं टिकवू शकते. कायम निधी, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचा निधी, मोठा असेल, कोटीच्या घरात असेल, तर मात्र तो जरूर करावा.

आणि रक्कम लहान असली तरी संकोच नको. दरमहा पाच हजार रुपये सलग आठ वर्षं, ही माझ्या लेखी मोठी देणगी आहे.

कशासाठी द्यायचं

२०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेल्या सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद देशात झाली होती. त्यातली मुलं दिसतात. शाळांची स्नेहसंमेलनं होतात, छायाचित्रं येतात, देणगीदाराला पाझर फुटतो. पण शाळा अठराव्या वर्षाशी संपते आणि आयुष्य पुढे चालूच राहतं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव देऊन वाढवणारे शंकरबाबा पापळकर हाच प्रश्न वर्षानुवर्षं मांडत आले: अठरा पूर्ण झाल्यावर या मुलांनी जायचं कुठे? २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रश्न अजून सुटलेला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की कुटुंबाने दिलेला पैसा प्रौढांसाठी जावा. प्रौढांच्या गरजाही वेगळ्या असतात. डाउन सिंड्रोम असलेल्यांना चाळिशी-पन्नाशीतच अल्झायमरची सुरुवात होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. थायरॉइडच्या तक्रारीही जास्त. त्याच वेळी आई-वडील ऐंशीच्या घरात असतात. पन्नाशीच्या मुलाला आंघोळ घालणारी ऐंशी वर्षांची आई, हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात सापडेल. अशा आईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पंधरा दिवस मोकळे हवे असतात. त्यासाठी अल्पकालीन निवासाच्या चार खाटा आणि त्यांच्यापुरता कर्मचारी, एवढी व्यवस्था फार थोड्या ठिकाणी आहे. कुटुंबाच्या आवाक्यातली ही अतिशय चांगली देणगी आहे.

दुसरी चांगली जागा म्हणजे कार्यशाळा. एका कार्यशाळेत दिवाळीच्या रंगवलेल्या पणत्या डझनाने बांधायच्या असतात. तिथल्या एका दादांना बारापर्यंत मोजता येत नाही. शिक्षिकेने सुताराकडून बारा खळग्यांची फळी करून घेतली. दादा एकेका खळग्यात एकेक पणती ठेवतात, फळी भरली की शेजारच्या ताईंकडे सरकवतात, ताई त्या पणत्या कागदात गुंडाळून खोक्यात भरतात. दादांचा डझन कधी चुकत नाही. फळीला फारसा खर्च आला नाही. खरा खर्च त्या शिक्षिकेचा आहे. कोणाला नेमकं काय जमत नाही आणि त्याला कोणती युक्ती चालेल, हे ओळखायला तिला काही वर्षं त्याच जागी टिकून राहावं लागलं. पगार वेळेवर झाला नाही तर ती दुसरीकडे जाते आणि फळी कोपऱ्यात पडून राहते.

मुळशी तालुक्यात कोळवणला साधना व्हिलेजमध्ये प्रौढ 'विशेष मित्र', म्हणजे तिथले बौद्धिक दिव्यांग रहिवासी, वसतिगृहाऐवजी घरासारखे, लहान गटांत राहतात. अशी रचना चालवायला माणसं जास्त लागतात. म्हणूनच पगारासाठी द्या, असं मी पुन्हा सांगते.

संस्था पाहायला जाणं

या पायरीला घाई करू नका. पहिल्या भेटीत धनादेश देऊ नका, हारतुरे स्वीकारू नका आणि सगळं कुटुंब घेऊन जाऊ नका. दोघांनी जावं. कार्यक्रमाचा दिवस टाळून आधी कळवून एकदा सकाळी जा आणि एकदा संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला. इतर जागांपेक्षा चार जागा नीट बघा: शौचालय, औषधांचं कपाट, रात्रपाळीची नोंदवही आणि लोकांची स्वतःची कपाटं.

औषधांच्या कपाटावर प्रत्येकाचं नाव, डोस आणि दिल्याची सही हवी. या व्यक्तींपैकी अनेकांना फिट येतात. एक डोस चुकला तरी धोका असतो. रात्री किती जणांमागे किती कर्मचारी असतात हे विचारा आणि वहीत पडताळा. स्त्रियांच्या विभागात रात्री कोण असतं, लैंगिक छळाची तक्रार आली तर ती कोण ऐकतं, बाहेरचा माणूस त्या समितीत आहे का, हे विचारायला लाजू नका. चांगल्या संस्थेला हा प्रश्न आवडतो. आणि कपाटं यासाठी की प्रत्येकाचे कपडे स्वतःचे आहेत, की धुऊन आलेल्या ढिगातून जो मिळेल तो घालायचा, यावरून त्या जागेत माणसाला किती किंमत आहे ते कळतं.

तिथल्या रहिवाशांशी बोला. प्रौढ व्यक्तीशी प्रौढासारखं बोलावं, गाल ओढू नयेत, 'गाणं म्हणून दाखव' म्हणू नये. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याजवळ थोडा वेळ नुसतं बसावं.

मग कागद. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेला तिथल्या नोंदवहीतला उतारा. विश्वस्तांची नावं अद्ययावत आहेत का, की वारलेली माणसं अजून उताऱ्यावर आहेत? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खालचं नोंदणी प्रमाणपत्र. आयकराची १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) नोंदणी. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद. विशेष शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. ताळेबंदात मी आधी पगाराचा आकडा बघते. पगारावर अगदी कमी खर्च दिसला, तर तिथे माणसं कमी आहेत किंवा त्यांना तुटपुंजं मिळतं आहे. 'आमचा प्रशासकीय खर्च नगण्य' या वाक्याने खूश होऊ नका. या कामात माणूस हाच मुख्य खर्च आहे.

शेवटी संस्थाचालकांना एवढं विचारा: तुमच्यानंतर संस्था कोण चालवणार? उत्तर द्यायला त्यांनी वेळ घेतला तर हरकत नाही, पण उत्तर असायला हवं.

गोव्यात फोंड्याजवळ ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान, कोल्हापुरात चेतना अपंगमती विकास संस्था, अशी जुनी कामं जवळपास असतात. तुमच्या जिल्ह्यात पालक संघटना कोणती आहे ते शोधा आणि तिथून सुरुवात करा. गावात जाता-येता डोकावता येईल अशी संस्था निवडलेली बरी.

स्वतःचा ट्रस्ट काढावा का?

बहुतेक कुटुंबांनी काढू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आयकर विवरण, ८०जी चं नूतनीकरण, उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रकमेचा धर्मादाय कामासाठी विनियोग, हे सगळं सांभाळावं लागतं. पहिली पिढी उत्साहाने करते. दुसरी पिढी पुण्यात एक, सिडनीत एक. एखादी चालती संस्था निवडून तिथे कुटुंबाच्या नावाने स्वतंत्र निधी ठेवणं सोपं आणि टिकाऊ असतं. काही कोटींची रक्कम, वेळ देणारा किमान एक सदस्य आणि अनेक संस्थांना मदत करायची इच्छा, या तिन्ही गोष्टी असतील तरच ट्रस्टचा विचार करावा.

देणगीपत्र

तोंडी ठरवू नका. एक पानी पत्र पुरतं, दोन्ही बाजूंच्या सह्यांचं. कायम निधी द्यायचा असेल तर 'ही रक्कम कायम निधीसाठी आहे' हे लेखी असलंच पाहिजे, नाहीतर ती त्या वर्षीचं साधं उत्पन्न धरली जाते. बाकी मजकूर साधारण असा:

'ही रक्कम प्रौढ निवासी विभागातल्या काळजीवाहक व विशेष शिक्षक यांच्या पगारासाठी दहा वर्षं वापरावी. एखाद्या वर्षी सरकारी अनुदानातून वा अन्य मार्गाने ही गरज भागली, तर विश्वस्तांच्या ठरावाने ती औषधोपचारासाठी वापरता येईल. दरवर्षी जूनअखेर खर्चाचा एक पानी तपशील कळवावा. संस्था बंद झाल्यास किंवा निवासी विभाग बंद केल्यास शिल्लक रक्कम त्याच स्वरूपाचं काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे वर्ग करावी.'

दुसरं वाक्य गाळू नका. अटी फार घट्ट बांधल्या की निधी अडकतो. पंधरा वर्षांनी काय लागेल हे आज आपल्याला ठाऊक नसतं. आपल्या घरच्या व्यक्तीला प्रवेश मिळावा या अपेक्षेने देणगी देत असाल तर ती अपेक्षा इथेच स्पष्ट बोला. माझ्या मते ती ठेवूच नये. देणगी आणि प्रवेश एकत्र आले की ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांचं मूल रांगेत मागे जातं.

कर आणि परदेशातली भावंडं

८०जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर साधारणपणे पन्नास टक्के वजावट मिळते, तीही समायोजित एकूण उत्पन्नाच्या दहा टक्के मर्यादेत. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आणि वस्तुरूप देणगीला वजावट नाही. पावती पुरत नाही. संस्थेने आयकर खात्याकडे माहिती भरल्यावर निघणारं प्रमाणपत्र, ज्याला सगळे १०बीई म्हणतात, ते मागून घ्या. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, म्हणून त्या वर्षीचं सीएंकडून तपासून घ्यावं.

परदेशातल्या भावाचा पासपोर्ट भारतीय असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारं) असलं तरी, ती परकीय देणगी ठरते. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. 'माझ्या खात्यात पाठव, मी इथून देतो' असं कधीही करू नका. अडचणीत संस्था येते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना तिथल्या करात सवलत हवी असेल, तर १९७८ पासून काम करणारं महाराष्ट्र फाउंडेशन हा एक परिचित मार्ग आहे.

फ्लॅट, जमीन, वस्तू

फ्लॅट देण्याची इच्छा पुष्कळांना असते. शक्य असेल तर फ्लॅट स्वतः विकून पैसे द्या. बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क लागतं, गृहनिर्माण संस्थेचे सोपस्कार असतात, आणि एकदा मालमत्ता सार्वजनिक न्यासाची झाली की ती विकायला कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तोवर देखभाल खर्च संस्थेच्या डोक्यावर. मृत्युपत्रातून देणार असाल तर संस्थेचं नोंदणीकृत पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता लिहा. सारख्या नावाच्या संस्था अनेक असतात.

वस्तू देण्याआधी फोन करून विचारा. मोठ्या मापाचे डायपर, अंथरुणावरची प्लास्टिकची चादर, नव्या अंतर्वस्त्रांचे जोड, ही यादी ऐकून देणगीदार क्षणभर गप्प होतात. पण लागतं ते हेच.

दिल्यानंतर

वर्षातून एकदा जा, शक्यतो हिशेबाचा कागद आल्यावर, आणि तो विश्वस्तांसोबत वाचा. रहिवाशांची छायाचित्रं व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर टाकू नका. त्यांची आणि त्यांच्या पालकांची संमती हवी, आणि देणगी हे संमतीचं कारण होऊ शकत नाही. कुटुंबातल्या तरुणांना पैशापेक्षा काम द्या: संस्थेची विक्री ऑनलाइन करणं, यूडीआयडीचे अर्ज भरायला पालकांना मदत करणं, संजय गांधी निराधार योजनेची कागदपत्रं जुळवणं. एखादा पुतण्या यात रमला की पुढची दहा वर्षं त्याच्याकडे सोपवता येतात.

दहा वर्षांची मुदत संपत आली की दोन वर्षं आधी संस्थेला लेखी कळवा, म्हणजे त्या पगारांसाठी दुसरी सोय करायला वेळ मिळतो. आणि दरवर्षीचा हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात न देता एप्रिलमध्ये द्या. करबचतीचे धनादेश मार्चमध्ये गर्दी करतात. सरकारी अनुदान कधी येईल ते सांगता येत नाही, आणि एप्रिल ते जुलै हे महिने संस्थेला सर्वांत कठीण जातात. एप्रिलच्या पहिल्या तारखेला रक्कम खात्यात असली की वर्षाच्या पगारपत्रकात दोन नावं पक्की लिहिता येतात.